गुडघ्याखालची चादर

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी धाकट्यानं विचारलं, "आजी, तुझा गुडघा खराब झाला म्हणजे आत नक्की काय झालं?" मी म्हटलं, "म्हातारी झाले रे," आणि विषय त्याच्या शाळेवर नेला. फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला. मी आयुष्यभर मुलींना जीवशास्त्र शिकवलं. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं, तर मी तिला खाली बसू दिलं नसतं.

म्हणून लिहायला बसले. आणखीही एक कारण आहे. गेले काही महिने या घरात जे चाललं होतं ते तुम्ही आईच्या बोलण्यातून अर्धवट ऐकलं असेल. आजी-आजोबा घर सोडून पुण्याला जाणार, जाणार नाहीत, आजी ऐकत नाही. आता ते ठरलं आहे, तेव्हा माझ्याकडूनच ऐका. सकाळी तासभर टेबलापाशी बसवतं, नंतर पाय आखडतो. त्यामुळे हे तुकड्यातुकड्यांनी लिहिलेलं वाटेल, ते चालवून घ्या.

मी शिकले इंग्रजीत, शिकवलंही इंग्रजीत. गुडघ्यातल्या भागांची मराठी नावं मला आता शोधावी लागतात. पण तुमच्या आईनं तुम्हाला मराठी वाचायला शिकवण्यात कितीतरी शनिवार घालवले आहेत, ते वाया जायला नकोत.

चांगला गुडघा कसा असतो, इथून सुरुवात करते. आमच्या शाळेत सांगाड्याचं चित्र होतं, पण चित्रावरून सांधा कळत नाही. म्हणून दर वर्षी तो धडा आला की मी शिपायाला बाजारात पाठवायची आणि खाटकाकडून बकऱ्याचा गुडघा मागवायची, आख्खा, न तोडलेला. तो स्टीलच्या डब्यात यायचा. आमच्या घरात मांसाला कुणी हात लावलेला नव्हता. त्या दिवशी घरी आले की माझ्या सासूबाई मला मागच्या दारानं घेत आणि आधी न्हाणीघर दाखवत. "पगार घेऊन हे करतेस, की हौस म्हणून?" असं त्या विचारायच्या. मी म्हणायची, "दोन्ही."

तो सांधा मी मुलींसमोर उघडायची. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, पुढे वाटी. हाडांची टोकं एकमेकांवर घासत नाहीत, कारण त्यांच्यावर कूर्चेचं अस्तर असतं. इंग्रजीत तुम्ही त्याला कार्टिलेज म्हणता. कोवळ्या शहाळ्यातल्या मलईसारखं दिसतं ते, पांढरं, किंचित निळसर, आणि इतकं गुळगुळीत की बोट ठेवलं की घसरतं. किंचाळणाऱ्या मुलीही शेवटी बोट लावायच्या आणि मग हात मागे घ्यायच्या नाहीत. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. भार त्या वाटून घेतात. मधोमध दोन बंध एकमेकांना छेदून जातात, ते हाडांना पुढे-मागे सरकू देत नाहीत. या सगळ्याभोवती एक पिशवी असते आणि तिच्या आतलं पातळ अस्तर थोडंसं वंगण तयार करत राहतं, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं चिकट.

मुलींना मी एक गोष्ट फळ्यावर लिहून द्यायची. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. परीक्षेत ती हमखास यायची. मुली पाठ करायच्या, मी गुण द्यायची. तिचा अर्थ मला साठी ओलांडल्यावर कळला. मज्जातंतू नाहीत, म्हणून कूर्चा झिजायला लागते तेव्हा दुखत नाही. रक्त पोचत नाही, म्हणून झिजलेली नीट भरून येत नाही. दुखायला लागतं तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं.

माझ्या उजव्या गुडघ्यात ते कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. आधी कूर्चा मऊ पडते. तिच्यात पाणी धरून ठेवणारे घटक कमी होतात. मग पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात, तंतू सुटायला लागतात. आपल्या स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी तुम्ही पाहिली आहे. ओट्यापुढे जिथं मी उभी राहते तिथला तुकडा आधी चकचकीत झाला, मग खरखरीत झाला, आता त्याचे पापुद्रे निघतात. कोपऱ्यातली फरशी मात्र बसवली तशी आहे. गुडघ्यातही सगळीकडे सारखं झिजत नाही. माझं आतल्या बाजूचं गेलं, दुसरा गुडघा ज्या बाजूला असतो त्या बाजूचं. तिथली चंद्रकोरी गादी चिरली आणि बाहेर ढकलली गेली. तिथं दोन हाडांमधलं अंतर कमी झालं, पाय आतून बुटका झाला आणि धनुष्यासारखा बाहेर वाकला. वाकला की भार पुन्हा आतल्याच बाजूवर. मग आणखी झीज.

पण नुसती झीज झाली असं समजू नका. तसं असतं तर फार सोपं झालं असतं. सांधा गप्प बसत नाही. कूर्चेखालचं हाड भार पडतो म्हणून जाड आणि टणक होतं, एक्स-रेमध्ये पांढरंफटक दिसतं. हाडाच्या कडांना नवीन हाड फुटतं, काट्यांसारखं. आपल्या गल्लीतले दुकानदार जागा पुरेना की पायरीवर पत्रा टाकून पुढे सरकतात, तसंच काहीसं. आतलं अस्तर सुजतं आणि नको इतकं पाणी सोडतं, तेही पातळ, वंगणाच्या कामाचं नाही. पिशवी जाड होते. मांडीचा पुढचा स्नायू वापराअभावी सुकतो. म्हणजे दुरुस्तीसाठी सगळे धावतात आणि त्या धावपळीत सांधा आखडून बसतो. सकाळी मला पलंगावरून उठून पहिली पावलं टाकताना पाहिलंत तर हेच पाहाल.

आता घराचं सांगते, कारण भांडण घराचं होतं.

आपलं घर सोलापुरात भवानी पेठेत, वरच्या मजल्यावर. खाली माग बंद पडून गोदाम झालं आहे आणि त्याशेजारी एक बिऱ्हाड. जिना दगडी, अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. लिफ्ट बसवायला जागाच नाही. नळाला पाणी येतं ते खाली, आणि वर चढवायला मोटार लावावी लागते, तीही खालीच.

आणि आजोबांचे डोळे. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. समोरचा चेहरा त्यांना दिसत नाही, कडेनं थोडं दिसतं. पण या घरात त्यांना पाहावं लागत नाही. चहाचा डबा कुठं, औषधं कुठं, देवघराच्या उंबरठ्याची पट्टी कुठं, सगळं हाताला माहीत आहे. ते स्वतः चहा करतात, माझाही करतात. अनोळखी घरात मात्र ते भिंतीपाशी उभे राहतात. मागे लग्नासाठी आम्ही कुणाकडे चार दिवस राहिलो, तेव्हा ते संडासाला जायचं म्हणून मला उठवायचे आणि नंतर माफी मागायचे. चौथ्या दिवशी ते पाणी प्यायचेच बंद झाले होते. तेव्हा मी ठरवलं होतं, या माणसाला या घरातून हलवायचं नाही.

जिना मात्र आम्ही दोघं मिळून उतरतो. मी पुढे, कठडा धरून. ते मागे, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी पायरी दाखवते, ते मला तोल देतात.

उन्हाळ्याच्या शेवटी एकदा बँकेत जायला उतरत होतो आणि माझ्या गुडघ्यानं दगा दिला. दुखलं असं नाही. पाय तिथं आहे असं वाटलंच नाही. मांडीचा स्नायू सुकला की असं होतं, गुडघा भार घेता घेता सोडून देतो. मी कठडा धरून पायरीवर बसले, आजोबाही मागोमाग माझ्या पाठीशी येऊन बसले. कुणाला काही लागलं नाही. आम्ही तसेच बसलो, आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक.

खालच्या बिऱ्हाडातल्या बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत दारात बसलेल्या असतात. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांनी मान वर केली. "काय ओ बाई, हितंच बसून गप्पा मारताय?"

आजोबा म्हणाले, "हिला हवा खायची होती."

"हवा खायला गच्चीवर जावं की! जिन्यात कुठली हवा?" मग त्यांना माझा चेहरा दिसला असावा. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, उठताना त्यांच्याही तोंडून "अय्यो" निघालं. त्यांचेही गुडघे गेलेलेच आहेत. तीन म्हाताऱ्या माणसांनी मिळून एकमेकांना वर न्यायला बराच वेळ लागला.

मी हे तुमच्या आईला सांगणार नव्हते. आजोबांनी सांगितलं. त्यांना वाटलं, ही गंमत आहे.

तुमच्या आईला ती गंमत वाटली नाही. तिनं पुण्यात ज्येष्ठांच्या वसाहतीत एक जागा बघून ठेवली होती, लिफ्ट, डॉक्टर, जेवण सगळं तिथंच. ती म्हणाली, "आई, दिवाळीच्या आत मला हो किंवा नाही सांग. आणि नाही म्हणणार असशील, तर जिन्याचं काय करणार ते सांग. नुसतं बघू म्हणू नकोस."

"बाबांचं काय करू?" मी विचारलं.

"बाबा शिकतील ते घर."

"शिकायला दिसावं लागतं."

"आणि तू पडलीस तर बाबांना इथं कोण बघणार? सांग ना."

तिचं बरोबर होतं, एवढंच मी तुम्हाला सांगेन. आईवर रागावू नका.

गुडघा बदलायचा, हा रस्ता मलाही माहीत होता. म्हणून डॉक्टरांकडे गेलो. चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी उभं करून एक्स-रे काढायला लावला, कारण झोपवून काढला तर भार नसतो आणि हाडं दूर असल्यासारखी दिसतात. फोटो उजेडावर धरला. आतल्या बाजूला हाडावर हाड टेकलं होतं. कडांना काटे. पण बाहेरच्या बाजूला काळी फट स्वच्छ, रुंद.

"ही फट म्हणजे कूर्चा," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हटलं. "कूर्चा फोटोत येत नाही, म्हणून रिकामी दिसते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शिकवत होता का?" मग म्हणाल्या, "बाहेरची बाजू चांगली आहे. मधले बंधही चांगले वाटतात. अशा गुडघ्यात कधी कधी फक्त आतली अर्धी बाजू बदलता येते. लहान ऑपरेशन, माणूस लवकर उभा राहतो. पण तुमचं एक अडतंय." त्यांनी मला टेबलावर आडवं केलं आणि पाय सरळ करायला सांगितलं. मी केला. "करा ना सरळ." मी म्हटलं, केलाय. त्यांनी माझ्या गुडघ्याखाली मूठ घातली. मूठ आरपार गेली.

"रात्री गुडघ्याखाली काही घेता?"

मी अभिमानानं सांगितलं. चादर. सोलापुरी, जाड सुताची. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर जो तो चादरच देत होता, कपाट भरून गेलं. त्यातली सगळ्यात जाड मी निवडली, तिची चौपदरी, मग आठपदरी घडी घालून उंची ठरवली. गुडघा थोडा वाकलेला असला की आत जागा वाढते, पिशवीवरचा ताण उतरतो, दुखणं थांबतं. दुपारी आणि रात्री, कित्येक वर्षं, मी एक दिवस चुकवला नव्हता. पाहुणी म्हणून गेले तरी पिशवीत चादर असायची.

"म्हणूनच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते मला कळायलाच हवं होतं. सुजलेला सांधा वाकलेल्या अवस्थेत आराम मागतो आणि तो दिला की त्याच अवस्थेत आखडतो. मागची पिशवी आणि मांडीमागचे स्नायू तेवढ्याच लांबीचे होऊन बसतात. पुढचा स्नायू शेवटचं सरळ करायचं काम विसरतो. पाय सरळ होत नाही, मग उभं राहताना सगळा वेळ वाकलेल्या गुडघ्यावर भार, आणि जिन्यात तो सुटतो. झीज माझ्या हातात नव्हती. ही घडी मी स्वतः घातली होती, व्यवस्थित, रोज.

"सरळ झाला तर अर्ध्या गुडघ्याचा विचार करू," त्या म्हणाल्या. "नाही झाला तर पूर्ण बदलावा लागेल, आणि मग महिनोन्महिने जिना विसरा."

रिक्षात आजोबा म्हणाले, "तुझं आतलं गेलं, माझं मधलं गेलं. कडेकडेनं चाललंय दोघांचं."

मला हसू आलं नाही. मी दमले होते. अजूनही त्या दिवसाची आठवण झाली की आधी तो दमलेपणाच आठवतो.

व्यायाम अगदी साधा. चादर गुडघ्याखाली न घेता टाचेखाली घ्यायची आणि गुडघा खाली लोंबकळू द्यायचा. मग मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, धरायचा, सोडायचा. वाचायला काहीच वाटत नाही. पहिल्या दिवशी मी दोन मिनिटांत उशी चावली. रात्री चादरीशिवाय झोप येईना. सकाळी चिडचिड, आणि ती कुणावर, तर समोर असलेल्या माणसावर.

सरळ किती झाला हे बघायचं कसं? मला पडल्या पडल्या दिसत नाही आणि आजोबांना दिसतच नाही. पण त्यांना हात आहेत. रोज चहा झाला की ते माझ्या पलंगाशी येत, गादीवरून हात सरकवत आणि माझ्या गुडघ्याखाली मूठ घालून बघत.

"जाते?"

"आरामात."

"नीट बघा. दाबतेय मी."

"अगं, बघायचं काय त्यात? मांजर जाईल इथून."

असे कितीतरी दिवस. मग एका सकाळी मूठ अडकली. त्यांनी हात काढला आणि परत घातला. "मूठ नाही जात," ते म्हणाले. "उघडा पंजा जातो." मी म्हटलं, तुम्ही जाड झालात. ते म्हणाले, "हाताला कुणी जाड होतं का!" त्या दिवशी मी दोन्ही वेळचा व्यायाम केला. दुसऱ्या दिवशी सूज आली आणि पुन्हा पंजाच्या जागी मूठ गेली. असं पुढे-मागे होत राहिलं. मध्ये एक आठवडा मी काहीच केलं नाही, भिंतीकडे तोंड करून पडून होते. पुण्याला जाऊ या, असं मी त्या आठवड्यात म्हणालेही. आजोबा म्हणाले, "जाऊ या. तू म्हणशील तसं." आणि मग उठून भिंतीला हात न लावता स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं गॅस पेटल्याचा आवाज आला. मी टाचेखाली चादर सरकवली.

दिवाळीच्या आधी आम्ही तुमच्या आईला व्हिडिओवर फोन लावला. मी आडवी, फोन आजोबांच्या हातात.

"बाबा, पंखा दिसतोय."

"थांब. आता?"

"आता तुमचा कान."

"गुडघा बघायचाय की नाही तुला?"

शेवटी माझा पाय दिसला. आजोबांनी दुसरा हात खाली सरकवला. दोन बोटं गेली, नखांपर्यंत, पुढे नाही. "बघ," ते म्हणाले, "आणि आता ही उभी राहील." मी उभी राहिले. मग आम्ही तिला जिना दाखवला. उतरलो आणि चढलो, फोन खालच्या बाईंनी धरला होता आणि त्या सगळा वेळ मोठ्यानं सांगत होत्या, "उतरल्या की ओ! आता चढतायत! लई झकास!"

मग तुमच्या आईनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या?"

डॉक्टर म्हणाल्या होत्या की आता अर्धा गुडघा बसवता येईल. थंडी संपली की करू. तो कायमचा पुरेल असं वचन त्या देत नाहीत. डाव्या गुडघ्याचंही पुढे काय होईल ते सांगता येत नाही. मी हे सगळं तसंच सांगितलं, काही गाळलं नाही.

"मी येते तेव्हा," ती म्हणाली. "महिनाभर राहीन. मोटार वरून चालू होईल असं बटण बसवून घेऊ. आणि ती पुण्याची जागा मी नको म्हणून कळवते." थोड्या वेळानं म्हणाली, "या वेळी. पुढचं पुढे."

मी हो म्हटलं. पुढचं पुढे, हे मला मान्य आहे. मला फार लांबचं बघायची ताकद राहिलेली नाही.

तर धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. माझ्या उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चा गेली आहे आणि ती परत येणार नाही. गादी फाटली आहे, हाडाला काटे आले आहेत, पाय थोडा वाकडाच राहील. बाहेरच्या बाजूची कूर्चा शाबूत आहे. मधले दोन्ही बंध घट्ट आहेत. मांडीत थोडं बळ आलं आहे. आम्ही दोघं अजून वरच्याच मजल्यावर राहतो.